घरच्या दप्तराचे स्थलांतर

इतिहासावरील व्याख्यानाला येणारे श्रोते बहुधा गड, तह आणि वंशावळी ऐकण्याच्या तयारीने येतात. आज आम्ही त्यांची थोडी निराशा करणार आहोत. आजचा विषय कोणा राजाच्या दप्तराचा नाही. तुमच्या-आमच्या घरातील दप्तराचा आहे. पूर्वी बऱ्या स्थितीतल्या घरात एक पेटारा असे. जमिनीचे कागद, गहाणखते, मुलांची टिपणे, एखादी सनद, दोनचार जुनी पत्रे असा ऐवज रुमालात बांधून त्यात ठेवलेला असे. भाऊ विभक्त झाले, घर बदलले किंवा आग लागली, की पहिला हात जाई तो त्या पेटाऱ्याकडे.

तो पेटारा आता राहिला नाही. दप्तर मात्र आहे, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे आहे. नातवंडांची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, आयकराची विवरणपत्रे, वडिलांच्या हस्ताक्षरातील पत्रांच्या प्रतिमा, हे सारे आता संगणकाच्या हार्ड डिस्कांवर असते. कागद हातात घेतला तर वाचता येई. डिस्क हातात घेऊन काहीच कळत नाही. ती टेबलाच्या खणात पडून असते. एक २००९ सालची, एक २०१४ सालची, एक कोणाची ते कोणालाच आठवत नाही, अशी त्यांची खोगीरभरती झालेली असते.

आमच्याही खणात अशा पाच डिस्का होत्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने एक चौकोनी पेटी घरी आणली. तिला चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क बसायची. ती पेटी कोणा एका संगणकाला जोडायची नसून घरातील जाळ्याला जोडायची, म्हणजे कोणत्याही खोलीतून कोणालाही तिच्यातले पाहता यावे. 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' ह्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. "मामा, आता सगळं एका ठिकाणी येईल," भाचा म्हणाला. सौभाग्यवतींनी लगेच विचारले, "अहो, सगळं तिकडं गेलं, की मग ह्या जुन्या डिस्का पुसून टाकायच्या ना? खण तरी मोकळा होईल." प्रश्न साधा होता, आणि आम्ही 'हो' म्हणालो. त्या एका 'हो'ची किंमत काय पडली ते शेवटी सांगू. त्यापूर्वी ही पेटी आमच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने आली तो इतिहास पाहू. कारण तो ठाऊक असता, तर आम्ही ते उत्तर दिले नसते.

संगणकाच्या डिस्कचा जन्म १९५६ सालचा. त्या वर्षी अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने सॅन होझे येथील आपल्या प्रयोगशाळेत घडविलेले 'रॅमॅक' नावाचे यंत्र जाहीर केले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे पूर्वाश्रमीचे शाळामास्तर. यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक बसविलेल्या असून त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. साठवणीचे ते एकटे कपाट सुमारे एक टन वजनाचे होते. इतक्या अवाढव्य यंत्रात मावे काय? तर पन्नास लाख अक्षरे. आज खिशातल्या फोनने काढलेले एखादे छायाचित्रसुद्धा तेवढी जागा सहज खाते. त्या काळी कंपन्या हे यंत्र बहुधा महिन्याच्या भाड्याने घेत. घरी असे काही असावे, हा विचारच त्या काळी कोणाच्या मनाला शिवला नसेल.

पुढल्या तीस वर्षांत दोन प्रवाह समांतर वाहिले. एका बाजूला मोठ्या कचेऱ्यांसाठी अधिकाधिक मोठ्या, महाग आणि भरवशाच्या डिस्का निघत गेल्या. दुसऱ्या बाजूला १९८० साली सव्वापाच इंचांची, पाच मेगाबाइटची छोटी डिस्क वैयक्तिक संगणकासाठी बाजारात आली, आणि मग अशा लहान डिस्कांची धाव सुरू झाली. मोठीला मान होता, तर लहान स्वस्त मिळे. ह्या दोन प्रवाहांचा संगम घडवून आणला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तिघा अभ्यासकांनी.

डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ही त्यांची नावे. १९८८ साली शिकागोच्या परिषदेत त्यांनी एक निबंध मांडला. त्यांनी हिशेब केला तो असा. आय. बी. एम.च्या ३३८० जातीच्या एका मोठ्या डिस्कमध्ये ७५०० मेगाबाइट मावत. तिच्या तबकड्या चौदा इंचांच्या. एका लहान, साडेतीन इंची डिस्कमध्ये १०० मेगाबाइट मावत. मग पंचाहत्तर लहान डिस्का एकत्र जुंपल्या तर एका मोठीचे काम होईल, शिवाय पंचाहत्तर हातांनी एकदम वाचता-लिहिता आल्यामुळे वेगही वाढेल. कल्पना नामी होती. पण ह्या तिघांचे मोठेपण असे, की त्यांनी आपल्याच कल्पनेचा दोष पहिल्यांदा सांगितला. एक लहान डिस्क सरासरीने ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या मेळ्यात कोणती ना कोणती तरी एक ३०० तासांतच बंद पडणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नव्हेत! एकत्र कुटुंब जितके मोठे, तितके त्यात कोणी ना कोणी आजारी असणारच; तसलाच हा प्रकार.

ह्यावर उपाय काय? एक डिस्क गेली तरी तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढता आला पाहिजे. हा उपाय अगदी नवा नव्हता. आय. बी. एम.मधीलच नॉर्मन केन ओउची यांना अशा युक्तीचे पेटंट १९७८ साली मिळाले होते. युक्ती समजायला गणित फार लागत नाही. तीन वह्या घ्या. पहिलीत ७ लिहा, दुसरीत ५ लिहा, आणि तिसरीत दोहोंची बेरीज १२ लिहा. दुसरी वही हरवली, तर १२ मधून ७ वजा करून हरवलेला ५ परत मिळतो. पहिली हरवली तरी तेच. तिसरी हरवली तर पुन्हा बेरीज करायची. यंत्रात ही बेरीज सम-विषमाच्या खुणेने होते आणि तिला 'पॅरिटी' म्हणतात. तत्त्व मात्र हेच. ही बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्वांवर वाटली, तर कोणा एकीवर भार पडत नाही. बर्कलीच्या निबंधात अशा पाच पातळ्या मांडल्या होत्या. 'स्वस्त डिस्कांचा, जादा प्रतीसह मेळा' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ह्या पद्धतीला 'रेड' हे नाव पडले. पुढे विक्रेत्यांना 'स्वस्त' हा शब्द खटकला असावा. त्यांनी त्याच अक्षरात 'स्वतंत्र' हा शब्द बसविला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन वह्या एकदम हरवल्या, तर बेरजेवरून काहीच निघत नाही. आणि कोणी पहिल्या वहीतले ७ खोडून तेथे ९ लिहिले, तर बेरीजही इमानेइतबारे १४ होऊन बसते. रेड डिस्कच्या मरणापासून वाचविते. माणसाच्या चुकीपासून वाचवीत नाही. हा भेद न कळल्यामुळे फार लोकांचे नुकसान झाले आहे.

१९८८ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना, एकमेकांस न कळत, धातूंच्या अतिशय पातळ थरांचा एक चुंबकीय गुणधर्म सापडला. थोड्याशा चुंबकत्वानेही त्या थरांचा विद्युत्‌-विरोध पुष्कळ बदलतो. ह्याचा उपयोग करून डिस्क वाचणारा संवेदक फार बारीक खुणाही वाचू लागला. १९९७ पासून अशा डिस्का बाजारात आल्या, त्यांची सामावणी झपाट्याने वाढली, आणि २००७ साली ह्या दोघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. घराघरांत छायाचित्रांचे डोंगर साठविणे शक्य झाले त्यामागे हा शोध आहे.

डिस्का झाल्या, त्यांचा मेळा झाला. आता तो मेळा जाळ्यावर कसा आला ते पाहू. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 'एन. एफ. एस.' ही पद्धत आणली. दुसऱ्या यंत्रातील फायली आपल्याच यंत्रात असल्यासारख्या वापरता येऊ लागल्या. ती युनिक्सच्या जगातली. आय. बी. एम. व मायक्रोसॉफ्ट यांच्या जगात 'एस. एम. बी.' नावाची निराळी बोली चालू होती. ह्या दोन जगांत दुभाष्याचे काम केले ते ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने. कॅनबेरा येथील विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याने १९९१च्या अखेरीस, केवळ आपली गरज म्हणून, ती बोली बोलणारा एक प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. नाव शोधताना त्याने एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शब्दकोशात धुंडाळले, आणि त्याला 'सांबा' हा शब्द मिळाला. घरगुती नॅस पेट्यांपैकी कितीतरी पेट्यांच्या पोटात आजही हा सांबा आहे. ज्ञान फुकट वाटणाऱ्यांचे ऋण आपल्या घरात असे न कळत येऊन बसलेले असते.

ह्याच ट्रिजेलने, पॉल मॅकेरास ह्या सहकाऱ्यासह, १९९६ साली 'आरसिंक' नावाचा दुसरा प्रोग्राम जाहीर केला. तो आजच्या विषयाचा गाभा आहे. एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी न्यायचा, पण जो तेथे आधीच पोहोचला आहे तो पुन्हा न्यायचा नाही, असे त्याचे काम. एखादी मोठी फाइल थोडीशीच बदलली असेल, तर तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची लहानशी खूण काढायची, दोन्हीकडच्या खुणा ताडायच्या, आणि जेथे फरक पडेल तेवढाच तुकडा पाठवायचा. म्हणून प्रत करण्याचे काम मध्येच तुटले तर ते पुन्हा सुरू करता येते, आणि झालेली प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही हेही त्याच्याकडून तपासून घेता येते.

प्रत करणे आणि ती ताडणे ही दोन निराळी कामे आहेत, हे आपल्याला नव्याने शिकविण्याची खरे तर गरज नव्हती. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते. नक्कल करणारा प्रत्येक जण भाविकच होता. पण भाविकपणाने प्रत शुद्ध राहत नाही, ताडून पाहिल्यानेच राहते.

आता प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळू. आमच्या पाच डिस्कांवरचा ऐवज सुमारे चार टेराबाइट भरला. घरच्या जाळ्याची तार सेकंदाला एक गिगाबिट नेणारी. म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११० धरा. ह्या वेगाने चार टेराबाइट जायला दहा तास लागतात. पण जुनी डिस्क ज्या खिडकीतून वाचायची ती जुन्या पद्धतीची, सेकंदाला तेहतीस मेगाबाइट देणारी असेल, तर तेच काम चौतीस तासांवर जाते. त्यातून लाखभर लहान लहान फायली असल्या, तर प्रत्येकीच्या उठाबशीत आणखी वेळ जातो. तेव्हा हे काम म्हणजे सामान टेंपोत भरून संध्याकाळी नव्या घरी जेवायला बसणे नव्हे. दोन-तीन दिवस घर अर्धे इकडे, अर्धे तिकडे असते, आणि नेमका त्याच वेळी धोका सर्वांत मोठा असतो.

धोक्याचे मूळ असे, की नव्या पेटीच्या मेळ्यात जी डिस्क घ्यायची ती पेटी आधी कोरी करते. पॅरिटीची मांडणी तिला सुरुवातीपासून आखायची असते. जुन्या मजकुराशी तिला कर्तव्य नसते. म्हणून भरलेली डिस्क उचलून कप्प्यात सरकविली म्हणजे तिच्यावरचे सारे पेटीत आले, असे होत नाही. उलट सारे जाते. मजकूर प्रथम बाहेरून नक्कल करून आत न्यायचा, ताडायचा, आणि मगच रिकामी झालेली डिस्क मेळ्यात घ्यायची, हा क्रम. हा क्रम उलटा झाला, की दप्तर बुडाले.

हे संकट केवळ घरगुती लोकांवरच येते असे मात्र समजू नये. 'मायस्पेस' हे एके काळचे विख्यात संकेतस्थळ. जगभरच्या हौशी गायक-वादकांनी २००३ पासून तेथे आपली गाणी ठेवली होती. २०१९ साली असे उघड झाले, की एका यंत्रसंचातून दुसऱ्यात सामान हलविताना २०१५ पर्यंतचा ठेवा नष्ट झाला. सुमारे पाच कोटी गाणी गेली असा अंदाज त्या वेळी सर्वत्र छापून आला. त्यांतली ४ लाख ९० हजार मात्र पुन्हा सापडली. कशी? काही अभ्यासकांनी संशोधनाकरिता त्यांच्या नकला पूर्वीच करून ठेवल्या होत्या. मालकाकडचे गेले आणि परक्याकडचे उरले!

दुसरे उदाहरण त्याहून घरगुती. १९९८ साली पिक्सार ह्या चित्रपट-संस्थेत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचे काम चालू असता, कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली आणि पडद्यावरची पात्रे, देखावे डोळ्यांदेखत नाहीसे होऊ लागले. राखीव प्रत काढली, तर ती कित्येक दिवस नीट घेतलीच जात नव्हती असे आढळले. त्या वेळी गॅलिन ससमन ह्या अधिकारी बाईंना आठवले, की बाळंतपणानंतर आपण घरून काम करीत होतो आणि आपल्या घरच्या संगणकावर एक प्रत आहे. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीच्या मागच्या आसनावर ठेवून, अगदी सांभाळून कचेरीत आणला गेला. एवढ्या मोठ्या संस्थेचे दप्तर एका बाळंतिणीच्या घराने वाचविले.

ह्या दोन्ही हकिगतींत डिस्क मोडलेली नाही. यंत्रे धडधाकट होती. हलविताना वा पुसताना माणूस चुकला. आणि दोन्हींत तारले ते दुसऱ्या छपराखाली असलेल्या प्रतीने.

मराठी माणसाच्या दप्तराला ह्याखेरीज आणखी एक विघ्न आहे, आणि ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. आपली लिपी संगणकावर आली तीही स्थलांतरे करीत करीत आली. पुण्याची 'सी-डॅक' ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेले काम तेथे वाढले, आणि 'इस्की' ह्या नावाचे भारतीय मानक १९९१ साली पक्के झाले. त्याच वर्षी 'युनिकोड' ह्या जागतिक मानकाचा पहिला खंड निघाला. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. पण छापखाने आणि कचेऱ्या मानकांची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत अक्षरांच्या जागा निरनिराळ्या होत्या. त्या फाँटात टंकलेली १९९८ सालची एखादी फाइल आज नव्या पेटीत बिनचूक जाते, एक खूणसुद्धा बदलत नाही. पण उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ऐवज पोहोचला आणि किल्ली मागेच राहिली, असा हा प्रकार. म्हणून अशा फायलींबरोबर त्यांचे फाँटही न्यावेत, आणि सवडीने त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात.

युनिकोडमध्ये आल्यावर तरी सारे सुरळीत होते का? तेथेही 'कऱ्हाड' आडवे येते. 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'ऱ्हास' यांतील तो अर्धा र मराठीचा लाडका. तो संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ हे अखंड अक्षर असते. दुसरीत साधा र आणि निराळा नुक्ता असे दोन भाग असतात. तिसरीत साध्या र-पुढे एक अदृश्य जोडखूण असते. निरनिराळे कळफलक निरनिराळ्या रीती वापरतात, आणि मॅकिंटॉश संगणकांची जुनी फाइल-पद्धती तर अखंड ऱ आपणहून फोडून ठेवीत असे. डोळ्यांना हे सर्व एकच. यंत्राला ही तीन निराळी नावे. एकाच ठिकाणी 'कऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर सुखाने नांदू शकतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, की एकच आहे.

आता आमची हकिगत सांगण्याची वेळ आली. आमच्या आत्याबाई कऱ्हाडच्या. जात्यावरच्या ओव्या त्यांच्या तोंडी शेकड्यांनी होत्या. १९९१ साली आम्ही एका कॅसेटवर त्यांच्या सतरा ओव्या, त्यांच्याच आवाजात, घेतल्या. त्या कॅसेटची पुढे सी. डी. झाली, सी. डी.वरून त्या डिस्कवर आल्या. मधल्या काळात आत्याबाई गेल्या. ओव्यांचे हे धन किती मोठे आहे ते हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमविलेल्या एक लाखावर ओव्यांवरून कळते. तो संग्रह २०१७ पासून 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहातून लोकांपुढे येत आहे. आमच्या सतरा ओव्या त्या संग्रहात नव्हत्या. त्या फक्त आमच्या खणात होत्या.

प्रत करण्याचे काम रात्रभर चालले होते. पहाटे वीज गेली आणि ते तुटले. सकाळी आम्ही पुन्हा सुरू केले, आणि जेथे तुटले होते त्या भागात डोकावून पाहिले. नव्या पेटीत 'कऱ्हाड' दिसले. म्हणजे हे पोहोचले, असे समजून आम्ही पुढच्या फोल्डरापासून नक्कल चालू केली. जुन्या डिस्कवर 'कऱ्हाड' दोन होते, एकात सहलीची छायाचित्रे आणि एकात आत्याबाईंचा आवाज, हे आमच्या ध्यानात आले नाही. दोन वेगळ्या संगणकांवरून ती दोन नावे दोन रीतींनी लिहिली गेली होती. पोहोचली होती ती सहल. दोन्हीकडच्या फायलींची संख्या मोजली असती, तर तिकडे सतरा कमी भरल्या असत्या. मोजण्याला दोन मिनिटे लागतात. आम्ही मोजले नाही. संध्याकाळी जुनी डिस्क पेटीच्या तिसऱ्या कप्प्यात सरकविली. पेटीने स्पष्ट विचारले, ह्या डिस्कवरचे सर्व पुसले जाईल, चालेल का? आम्ही होकाराची कळ दाबली. दोष पेटीचा नव्हता, भाच्याचा नव्हता, आणि खण मोकळा करू पाहणाऱ्या सौभाग्यवतींचाही नव्हता.

पुढे आठ दिवसांनी, आत्याबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी, मुलांना आवाज ऐकवावा म्हणून शोधू लागलो तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नाही. मग सांगलीच्या आतेबहिणीला फोन केला. तिच्याकडे त्या जुन्या सी. डी.ची एक प्रत होती. देवघरातल्या फडताळात, आईच्या फोटोमागे, तिने ती ठेवली होती. ती चरे पडून खराब झाली होती. सतरांपैकी अकरा ओव्या निघाल्या, सहा निघाल्या नाहीत. त्या सहांतल्या एका ओवीत आमच्या वडिलांचे नाव गुंफलेले होते, एवढे आम्हांला आठवते. शब्द आठवत नाहीत.

इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या घरच्या साधनांची अशी दशा करावी, हे सांगताना संकोच वाटतो. तरी सांगितले, कारण श्रोत्यांपैकी अनेकांच्या खणात अशाच डिस्का आहेत आणि त्यांच्याही घरी आज ना उद्या अशी पेटी येणार आहे. तेव्हा क्रम लक्षात ठेवावा. प्रथम जुन्या डिस्कांवरच्या फायली मोजून कागदावर लिहाव्यात. मग नक्कल करावी. नुसती ओढून टाकण्यापेक्षा ताडून घेणारा प्रोग्राम वापरावा. पुन्हा मोजावे. काही फायली सहज म्हणून उघडून पाहाव्यात, त्यांत मराठी नावाच्या अवश्य पाहाव्यात. आणि जुन्या डिस्का पुसू नयेत. मेळ्यासाठी नव्या घ्याव्यात. पीटर क्रॉग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला एक नियम सोपा आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत दुसऱ्या छपराखाली. चार कप्प्यांची पेटी कितीही भक्कम असली, तरी ह्या हिशेबात ती एकच प्रत धरावी.

१९५६ पासून आजपर्यंत साठवणीची कोणतीही पेटी कायमची ठरलेली नाही. कॅसेट गेली, सी. डी. गेली, आमची ही नॅसही दहा वर्षांनी जाईल. टिकले ते एवढ्याचसाठी, की कोणीतरी वेळेवर ते एका पेटीतून दुसरीत नेले आणि नेताना मोजून घेतले.

आता आमच्या घरी दर खंडेनवमीला, विळी-कोयता आणि स्क्रू-ड्रायव्हर यांना हळदकुंकू लागले, की भाचा पेटी उघडून प्रती ताडतो आणि संख्या मोठ्याने वाचतो. आम्ही ती वहीत लिहितो. सौभाग्यवतींचा खण मोकळा झाला आहे. उरलेल्या चार जुन्या डिस्का, त्या अकरा ओव्यांच्या नव्या प्रतीसह, सांगलीला आतेबहिणीच्या फडताळात, आत्याबाईंच्या फोटोमागे ठेवल्या आहेत.